पुराच्या रात्री घरात बंदूक असावी का? १८७८ ते आजचं बदलापूर

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लिखित पाठ. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? लोकल कर्जतची असेल तर अंबरनाथ ते बदलापूर एवढ्यात अर्धा एपिसोड होईल, उरलेला रिक्षाच्या लाइनीत ऐका.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आलाय. उल्हासनगर कॅम्प चारमधला मुलगा आहे. तो लिहितो, "दादा, समजा २००५ सारखा पूर परत आला. लाइट नाही, नेटवर्क नाही, पोलीस येऊ शकत नाहीत. आणि कोणी घरात घुसलं तर? अमेरिकेत लोकांकडे बंदूक असते. आपल्याकडे का नाही? आपल्याला तो हक्कच नाही का?"

प्रश्न चांगला आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये. याचं उत्तर शोधताना मी दीडशे वर्षं मागे गेलो, आणि तो रस्ता आपल्याच डोंगरापलीकडून जातो. तर चला.

दुष्काळ, शिरढोण आणि बंदुकीचा कायदा

बदलापूरहून पनवेलच्या दिशेने डोंगर ओलांडलात की पुढे कर्नाळ्याच्या पायथ्याशी शिरढोण लागतं. मुंबई-गोवा हायवेवरून जाताना पाटी दिसते. वासुदेव बळवंत फडके तिथले, जन्म १८४५ चा. शाळेत आपण त्यांना 'आद्य क्रांतिकारक' एवढ्या दोन शब्दांत उरकलं. पण ते काय काम करायचे माहितीये? पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. म्हणजे आजच्या भाषेत बॅक ऑफिस.

१८७६ ते १८७८ दख्खनमध्ये भयानक दुष्काळ पडला. दक्षिण भारत धरून मेलेल्यांचा आकडा पन्नास लाखांच्या वर जातो. सरकारी कामांवर खडी फोडायला येणाऱ्या मजुरांचं धान्य कमी करून माणशी दिवसाला साधारण एक पौंडावर आणलं गेलं. पौंड म्हणजे अर्धा किलोपेक्षाही कमी, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. हे धोरण सर रिचर्ड टेंपल यांचं. तेच १८७७ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

आता तारखा जुळवून बघा. दुष्काळ चालू आहे, आणि १८७८ साली व्हाइसरॉय लिटन यांचं सरकार इंडियन आर्म्स ॲक्ट आणतं. लायसन्सशिवाय हत्यार बाळगायचं नाही. युरोपियनांना मात्र नियमांमध्ये सूट. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा कायदाही आला. १८५७ नंतर लोकांना निःशस्त्र करायला सुरुवात झालीच होती, या कायद्याने ते पक्कं केलं. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात रायफल चालेल, पाटलाच्या वाड्यात नाही. आपल्याकडचा 'बंदुकीचा हक्क' हा वाद इथून सुरू होतो. तेव्हा मुद्दा चोराचा नव्हता, अपमानाचा होता.

फडक्यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदार घेऊन शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा टाकला. हत्यारं किती? तलवारी आणि थोड्याफार बंदुका. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावलं, तर त्यांनी उलट टेंपलच्या डोक्यावर बक्षीस जाहीर केलं! मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि पनवेलजवळच्या पळस्प्यावर धाड घातली. होय, आज आपण ज्या पळस्पे फाट्यावर एसटीची वाट बघतो तेच पळस्पे. परतीच्या वाटेवर फौजेने दौलतरावांना गाठून मारलं. जुलैमध्ये फडके पकडले गेले, एडनच्या तुरुंगात पाठवले गेले आणि १८८३ मध्ये तिथेच वारले.

पण याच दुष्काळात अजून एक गोष्ट घडली, जी आपल्याला कोणी सांगत नाही. धान्य कमी केल्यावर दुष्काळी कामावरच्या हजारो मजुरांनी कामावर जायलाच नकार दिला. बिनहत्यारी संप! त्यांच्या बाजूने पुण्याची सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रांवर पत्रं पाठवत होते. एकाच संकटात स्वतःला वाचवायचे दोन रस्ते निघाले. एकात तलवार, दुसऱ्यात वही. मी फडक्यांना कमी लेखत नाहीये. फक्त दुसरा रस्ताही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हक्क मागितला, आणि मग सोडून दिला

काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून आर्म्स ॲक्टविरुद्ध ठराव होत होते. आणि १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात चक्क लिहिलंय की नियमांच्या अधीन राहून प्रत्येक नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असेल. गांधीजींच्या काँग्रेसने! मला हे वाचून धक्का बसला होता.

मग संविधानात हा हक्क का आला नाही?

डिसेंबर १९४८. संविधान सभेत ह. वि. कामत यांनी दुरुस्ती सुचवली की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये घाला, कराचीत आपण तसं म्हणालो होतो. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: ब्रिटिशांनी आपल्याला निःशस्त्र केलं म्हणून ती मागणी होती, आता परिस्थिती बदलली. आता हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्यावर जोर हवा. आणि कोणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेऊ शकत असेल तर राज्य चालणार कसं? दुरुस्ती फेटाळली गेली.

आता थोडं थांबा आणि त्याच डिसेंबरमध्ये आपल्या भागात काय चाललं होतं ते बघा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहत होती. पुढे ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला 'उल्हासनगर' नाव मिळालं. कॅम्प एक ते पाच हे आकडे आपण आजही पत्त्यात लिहितो, ते तिथूनच आलेत. आपलं घर, गाव, दुकान मागे टाकून आलेल्या या माणसांसाठी 'पोलीस येणार नसतील तर काय?' हा प्रश्न पुस्तकी नव्हता. आणि जिथे सैनिक झोपायचे त्या बराकीत ते झोपत होते. सैनिकांच्या बंदुका गेल्या, बराकी राहिल्या. तिथे त्यांनी शिलाई मशीन, पापड, दुकानं यांच्यावर शहर उभं केलं.

शेजारच्या अंबरनाथला तर सरकारची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. दारूगोळ्याला लागणारं धातूकाम तिथे होतं. आपल्यातल्या कितीतरी जणांचे काका-मामा तिथून रिटायर झाले. म्हणजे गंमत बघा, काडतुसाला लागणारा धातू बनतो आपल्या गावात, पण गावातल्या बहुतेक घरांत कधी काडतूस आलं नाही.

आजचा कायदा नेमका काय म्हणतो

हा भाग नीट ऐका, कारण व्हॉट्सॲपवर इथेच सगळा घोळ होतो. दोन वेगळे कायदे आहेत आणि लोक ते एकात मिसळतात.

पहिला हत्याराचा. शस्त्र कायदा, १९५९. बंदूक बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, सरकार अटी घालून देतं ती परवानगी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, त्यामुळे अर्ज तिकडे. पोलीस चौकशी होते, धोका काय आहे ते विचारतात. २०१६ च्या नियमांत हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अटही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि लायसन्सची मुदत पाच वर्षं झाली. लग्नात हवेत गोळीबार करणं हाही वेगळा गुन्हा झाला. निवडणूक आली की बऱ्याच जणांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. देशात अपवाद आहेत, उदाहरणार्थ कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा समाजाला ब्रिटिशांच्या काळापासून सूट आहे आणि ती २०२९ पर्यंत वाढवलीये. पण आपण कोडगूत राहत नाही.

दुसरा कायदा स्वसंरक्षणाचा. हा मात्र तुम्हाला पूर्ण मिळालेला आहे, कोणाकडे अर्ज करायची गरज नाही. आधी भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमं होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४. स्वतःचं शरीर, दुसऱ्याचं शरीर, स्वतःची आणि दुसऱ्याचीही मालमत्ता वाचवायला तुम्ही बळ वापरू शकता. रात्री घर फोडून कोणी घुसत असेल तर हा हक्क बराच पुढपर्यंत जातो, हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही.

पण दोन ब्रेक आहेत. एक, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पळून जाणाऱ्या चोराला पाठीत मारलंत तर ते संरक्षण नव्हे. दोन, पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही.

आता पुराच्या रात्री हा दुसरा ब्रेक आपोआप सैल होतो. रस्ता पाण्याखाली, फोन बंद, पोलीस स्वतः अडकलेले. मदत मिळण्यासारखी नसेल तर कायदा तुम्हाला हात बांधून बसायला सांगत नाही. म्हणजे श्रोत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं: बंदुकीचा हक्क नाही, स्वतःला वाचवायचा आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आता पुराकडे जाऊ.

दोन पूर, चौतीस दिवसांचं अंतर

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मुंबईच्या बातम्यांत आपण हरवलो, पण उल्हास नदी बदलापूर ते कल्याण पात्र सोडून वाहत होती आणि वालधुनी अंबरनाथ-उल्हासनगरच्या वस्त्यांमध्ये शिरली होती. मी तेव्हा दुसरीत होतो. आमच्या बिल्डिंगमधली तळमजल्यावरची कुटुंबं वरच्या मजल्यावर आली होती, आणि एका खोलीत अकरा माणसं झोपली होती एवढं मला आठवतं. कोणाचं कपाट उघडं, कोणाचं दार उघडं.

मग २९ ऑगस्ट २००५, म्हणजे बरोबर चौतीस दिवसांनी, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सवर कतरिना चक्रीवादळ आलं. बंधारे फुटले, शहर बुडालं, हजाराहून अधिक माणसं गेली. आणि तिथे घरोघरी बंदुका होत्या.

काय झालं? तिथले पोलीसप्रमुख एडी कंपास यांनी जाहीर केलं की शहरात हत्यार फक्त पोलीस आणि सैन्याकडे असेल. लोकांच्या कायदेशीर बंदुकाही काढून घेतल्या, एक हजाराहून जास्त. लोक कोर्टात गेले, कोर्टाने जप्ती थांबवली, आणि २००६ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की आपत्तीच्या नावाखाली कायदेशीर बंदूक काढून घ्यायची नाही. बंदुकीच्या बाजूचे लोक ही गोष्ट नेहमी सांगतात, आणि ती खरी आहे. संकटात सरकारच तुमचा हक्क आधी कापतं, ही त्यांची भीती फालतू नाही. आपण १८७८ बघितलंय.

पण उरलेली गोष्टही खरी आहे. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी सहा निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, दोघे मेले. अल्जियर्स पॉइंट नावाच्या भागात काही गोऱ्या रहिवाशांनी रस्ते अडवून 'आपली वस्ती वाचवायला' बंदुका घेतल्या, आणि तिथून सुटकेच्या ठिकाणाकडे चाललेल्या काळ्या माणसांवर गोळीबार झाला. त्यातल्या एकाला तेरा-चौदा वर्षांनी शिक्षा झाली. आणि लूटमार, खून, बलात्काराच्या ज्या बातम्यांनी सगळे घाबरले होते, त्यातल्या बऱ्याच नंतर फुगवलेल्या निघाल्या.

आणि आपल्याकडे? २८ जुलै २००५ ला मुंबईत जुहूच्या नेहरूनगर वस्तीत अफवा पसरली की धरण फुटलं, त्सुनामी आली. अंधारात लोक पळाले. चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक माणसं गेली. तिथे ना लाट आली होती, ना कोणी घुसलं होतं.

'आपण रात्री पहारा देऊ'

आता मला खरंच काळजी वाटते तो मुद्दा. आपल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर पावसाळ्यात एकदा तरी मेसेज येतो. 'चोरांची टोळी फिरतेय, अमुक वेशात असतात, सगळ्यांना फॉरवर्ड करा.' मग काठ्या घेऊन पोरं खाली उतरतात. हेतू चांगलाच असतो.

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षा मागणारे भटके लोक होते. १६ एप्रिल २०२०, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. लॉकडाऊन चालू होता, म्हणजे कागदोपत्री आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचीच स्थिती. चोर येतात या अफवेने गावागावांत रात्रीचे पहारे होते. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले, पोलीस समोर असताना.

या दोन्ही जमावांना वाटत होतं की आपण स्वसंरक्षण करतोय. काठ्या-दगडांनी हे झालं. आता त्याच अंधारात, त्याच अफवेत, प्रत्येक तिसऱ्या घरात पिस्तूल आहे असं समजा. आणि पुराच्या रात्री दार वाजवणारा कोण असतो? बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरचा भिजलेला माणूस. तुमच्या वस्तीतला नसेल, वेगळी भाषा बोलत असेल, कपडे फाटलेले असतील. मोबाइलच्या टॉर्चमध्ये दोन सेकंदांत तुम्ही काय ओळखणार?

लायसन्स असलेला माणूस जबाबदारच असतो असंही नाही. २ फेब्रुवारी २०२४ ला आपल्याच उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, साहेबांच्या केबिनमध्ये, जमिनीच्या वादातून गोळीबार झाला. त्यात तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली आणि शिंदे गटाचे महेश गायकवाड गंभीर जखमी झाले. गुन्हा कोणाचा ते कोर्ट ठरवेल. मी एवढंच म्हणतोय की भरदिवे, पोलिसांनी भरलेल्या खोलीत बंदूक हाताशी असली की भांडण कुठवर जातं ते आपण सीसीटीव्हीवर पाहिलं.

महालक्ष्मी एक्सप्रेस

२६ जुलै २०१९. तारीख बघा, चौदा वर्षांनी तीच. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. रात्रभर गाडीत सुमारे १,०५० माणसं. त्यात नऊ गर्भवती बायका. बाहेर सगळीकडे पाणी, आत अंधार, खायला-प्यायला नाही. 'संकटात माणूस जनावर होतो' असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही परफेक्ट टेस्ट केस होती.

दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली. आसपासच्या गावांतले लोक मदतीला धावले. सगळेच्या सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले, आणि त्यांना कल्याणहून खास गाडीने कोल्हापूरकडे पाठवलं.

हे आपोआप झालं नाही. २००५ मध्ये एनडीआरएफ नव्हतंच. आपत्ती व्यवस्थापन कायदा डिसेंबर २००५ मध्ये झाला, दल २००६ मध्ये उभं राहिलं. म्हणजे २००५ च्या आणि २०१९ च्या पुरामध्ये फरक पडला तो यंत्रणेचा. त्या मजुरांसारखं आणि सार्वजनिक काकांसारखं, कोणीतरी हिशोब मागितला, कागद केला, माणसं ट्रेन केली.

मग माझं मत काय?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, तर माझ्या भाषेत सांगतो. सिस्टीम डाउन असताना तुम्ही प्रत्येक युजरला ॲडमिन ॲक्सेस देत नाही. बॅकअप ठेवता. बंदूक हा पुरातला बॅकअप नाही. पाण्यात बुडणाऱ्याला, विजेचा शॉक लागणाऱ्याला, इन्सुलिन संपलेल्या आजीला तिचा उपयोग नाही, आणि पुरात माणसं मरतात ती बहुतेक अशीच.

पण 'पोलीस आहेत ना, गप्प बसा' हेही उत्तर नाही. पोलीस नसतील त्या पाच-सहा तासांची तयारी आपलीच. होमगार्ड ही कल्पना तर मुंबई प्रांतातच जन्मली, डिसेंबर १९४६ मध्ये, दंगलींच्या काळात: शेजारच्याच माणसाला प्रशिक्षण द्या, ओळखपत्र द्या, पोलिसांना जोडा. आता केंद्राची 'आपदा मित्र' योजना आहे, त्यात सामान्य लोकांना पुरात बचाव कसा करायचा ते शिकवतात. पहारा द्यायचाच असेल तर असा द्या: नावं पोलीस ठाण्यात लिहून, चौघांनी मिळून, शिट्टी आणि टॉर्च घेऊन. अनोळखी माणूस दिसला तर आधी पाणी द्या, मग नाव विचारा. खात्री नसलेला मेसेज फॉरवर्ड करू नका. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर भिंतीवर पेनने लिहा, कारण फोनची बॅटरी जाणार आहे.

ज्याला जिवाला खराखुरा धोका आहे, त्याने लायसन्सचा अर्ज जरूर करावा, तो मार्ग कायद्याने उघडा आहे. आणि सरकारने एखाद्या पुरात लोकांच्या हक्कांवर उगाच टाच आणली, तर १८७८ आठवून मी पण ओरडेन. पण उल्हासच्या काठावर राहताना माझ्या सोसायटीकडे पैसे असतील तर मी दोरखंड, लाइफ जॅकेट आणि इन्व्हर्टर घ्या म्हणेन.

कॅम्प चारच्या मित्रा, पटलं नाही तर व्हॉइस नोट पाठव, पुढच्या एपिसोडमध्ये जशीच्या तशी लावतो. आणि बाकीच्यांनो, घरातल्या मोठ्या माणसांना एकच विचारा: २००५ च्या त्या रात्री आपल्या दारावर कोण आलं होतं, किंवा आपण कोणाच्या दारात गेलो होतो? जे उत्तर येईल ते मला पाठवा. भेटू पुढच्या रविवारी. छत्री विसरू नका!